आर्मेनियन आणि स्लोव्हेन: शब्द एकीचे ओळखीचे, वाक्यं दुसरीची

ओसरीवरून
नमस्कार मंडळी. या दोन भाषांवर धागा काढायचं कधीपासून मनात होतं, आज वेळ मिळालाय तर लिहूनच काढते. एक भाषा कॉकेशसच्या डोंगरांतली, दुसरी आल्प्सच्या पायथ्याची, मधे काळा समुद्र आणि अख्खा बाल्कन. पण दोन्ही इंडो-युरोपीय, म्हणजे मराठीच्या लांबच्या नातलग, दोन्ही छोट्या देशांच्या, दोन्ही देश १९९१ साली स्वतंत्र झाले, आणि दोघींनी शेकडो वर्षं दुसऱ्यांच्या साम्राज्यात काढली.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. मराठी माणसाला स्लोव्हेनचे शब्द ओळखीचे वाटतात आणि आर्मेनियनची वाक्यं. स्लोव्हेनमधे विस्तवाला ओगेन्य म्हणतात, धुराला दिम, आकाशाला नेबो, मधाला मेद, विधवेला वदोवा, दिवसाला दान, शंभराला स्तो. संस्कृतचा थोडा जरी गंध असेल तरी अग्नि, धूम, नभ, मधु, दिन, शत सगळे समोर उभे राहतात. आर्मेनियनमधे तसं होत नाही, तिथे दोनला येर्कू म्हणतात, तीनला येरेक, पाचला हिंग. हे मूळ एकच आहे यावर पहिल्यांदा वाचणाऱ्याचा विश्वासच बसत नाही. पण आहे. मूळ भाषेतल्या शब्दारंभीच्या द्व चा आर्मेनियनमधे नियमाने एर्क झाला, म्हणून आपलं द्वि तिकडे येर्कू, आणि आपलं दूर तिकडे येर्कार (अर्थ लांब). तसाच प चा ह झाला, म्हणून पंच चं हिंग आणि पितृ चं हाय्र.

आता वाक्य बघा. टेबलावर म्हणायला स्लोव्हेन माणूस म्हणणार ना मिझि, आधी 'वर' आणि मग टेबल. आर्मेनियन म्हणणार सेग़ानी व्रा. सेग़ान म्हणजे टेबल, सेग़ानी म्हणजे टेबलाच्या, व्रा म्हणजे वर. टेबलाच्या वर! आणि हा व्रा ज्या वेर पासून आलाय तो आणि आपला वर (उपरि पासूनचा) एकाच मुळाचे मानले जातात. मी पत्र लिहितेय हे तिकडे येस नामाक एम ग्रुम. येस मी, नामाक पत्र, एम हे आहे, ग्रुम लिहीत. क्रियापदाचं धातुसाधित रूप आणि जोडीला असणे, आपल्यासारखंच. नामाक मधला नाम तर आपल्या करारनाम्यात, जाहीरनाम्यात बसलेला आहे, दोन्हीकडे इराणी भाषांतून आला.

ज्यांना यातलं काही माहीत आहे त्यांनी भर घाला, ज्यांना पटत नाही त्यांनी तसं सांगा.

एकलव्य_मोडीवाला
छान धागा. एक प्रश्न, हे सगळे शब्द संस्कृतमधूनच तिकडे गेले ना? म्हणजे अग्नि वरून ओगेन्य झालं असंच ना?

ओसरीवरून
नाही, तिकडे गेले नाहीत. संस्कृत आणि जुनी स्लाव्ह भाषा (स्लोव्हेन, रशियन वगैरेंची पूर्वज) या बहिणी, आईचं लेखी काही शिल्लक नाही. अग्नि आणि ओगेन्य हे दोन्ही आईकडून आलेले. आर्मेनियन ही तिसरी बहीण, आणि तिचं वेगळेपण ओळखायला फार वेळ लागला. तिच्यात इराणी शब्द इतके भरलेत की १९व्या शतकात बरेच जण तिला इराणी गटातलीच समजत होते. ह्यूब्शमान नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८७५ मधे दाखवून दिलं की उसने शब्द बाजूला काढले की खाली जी भाषा उरते तिचे ध्वनिनियम इराणीचे नाहीतच, ती स्वतंत्र शाखा आहे.

आणि उसने शब्द म्हणाल तर त्यातले आपल्यालाही ओळखीचे आहेत. हजारला आर्मेनियनमधे हजार च म्हणतात. साखरेला शाकार. स्वतंत्र असेल तो आझात. दाश्त म्हणजे मैदान.

निळीनदी
स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात राहते, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. ओसरीताई, शब्दांचं तुमचं बरोबरच आहे पण स्लोव्हेनचा सगळ्यात मोठा दागिना तुम्ही सांगितलाच नाही, तो म्हणजे द्विवचन. शाळेत संस्कृतला आवाम् गच्छावः, वयम् गच्छामः पाठ करताना आपण वैतागायचो ना, इकडे चार वर्षांची पोरं ते बोलतात हो! आम्ही दोघं जातो हे मिद्वा ग्रेवा, आम्ही सगळे जातो हे मि ग्रेमो. ग्रेवा मधला वा आणि गच्छावः मधला वः, ग्रेमो मधला मो आणि गच्छामः मधला मः, एकास एक जुळतात. दोघी बायका असतील तर मिद्वे.

आणि हे काही पुस्तकातलं नाही, बसमधे, दुकानात, फोनवर सगळीकडे. नवराबायको कुठे निघाली की वा च येणार, तिथे मो वापरलं तर ऐकणारा विचारतो अजून कोण कोण येतंय. पण एक गंमत अशी की हात, पाय, डोळे या निसर्गानेच जोडीने असलेल्या गोष्टींना एरवी साधं अनेकवचन वापरतात, पाय दुखतात म्हणताना द्विवचन नाही. दोन आहेत हे सगळ्यांना माहीतच असतं मग वेगळं सांगायचं कशाला. आईवडिलांनाही तसंच.

आजच्या स्लाव्ह भाषांत एवढं जिवंत द्विवचन स्लोव्हेनमधे आहे आणि जर्मनीतल्या छोट्या सोर्बियन भाषांमधे. रशियन, पोलिश, चेक सगळ्यांनी ते टाकून दिलं. आर्मेनियनमधे तर सगळ्यात जुन्या ग्रंथांतही नाही, बरोबर ना?

ओसरीवरून
बरोबर, पाचव्या शतकातल्या आर्मेनियनमधेही एकवचन आणि अनेकवचन एवढंच. लिंगही तेव्हाच गेलेलं. तो, ती, ते सगळ्यांना एकच शब्द, 'ना'.

सह्यवारा
मला मूळ मांडणीच पूर्ण पटत नाही. वाक्यं फक्त आर्मेनियनची ओळखीची असं कसं म्हणता? मराठीत तीन लिंगं, स्लोव्हेनमधे तीन लिंगं. मराठीत मी गेलो, मी गेले, बोलणारा पुरुष की बाई ते क्रियापदावरून कळतं. स्लोव्हेनमधे हुबेहूब तेच, पुरुष म्हणणार शेउ सेम, बाई म्हणणार श्ला सेम. आर्मेनियनमधे दोघंही ग्नात्सी म्हणणार, काही कळायचं नाही.

दुसरं, आपण लिहिणं आणि लिहून काढणं यात जो फरक करतो तो स्लाव्ह भाषांचा कणा आहे. पिसाति म्हणजे लिहिणे, नापिसाति म्हणजे लिहून पुरं करणे. आपण मागे काढ, टाक, घे, बस लावतो, ते पुढे ना, पो, झा लावतात, काम तेच.

तिसरं, ग्रेम स्पात म्हणजे झोपायला जातो. जायच्या क्रियापदासोबत हेतू सांगायला त्यांच्याकडे वेगळंच रूप आहे, आणि त्यातला तो त म्हणजे संस्कृतच्या गन्तुम्, कर्तुम् मधला तुम्. रशियनला हे रूप राहिलं नाही. तेव्हा व्याकरणातही स्लोव्हेन आपल्या जवळ आहे.

ओसरीवरून
सह्यवारा, हे मुद्दे मोलाचे आहेत, विशेषतः लिंगाचा. पण माझा रोख वाक्याच्या बांधणीवर आहे. लिंग, वचन, काळ या गोष्टी शब्दाच्या अंगावर असतात. शब्द एकमेकांना जोडायचे कसे, विभक्ती मागून लावायची की संबंध दाखवणारा शब्द आधी ठेवायचा, यात आर्मेनियन आपल्या बाजूला बसते. आर्मेनियनचे प्रत्यय एकामागे एक सुटे सुटे लावता येतात. तुन म्हणजे घर, त्नेर घरं, त्नेरी घरांचं, त्नेरित्स घरांपासून. अनेकवचनाचा एर वेगळा दिसतो, विभक्तीचा प्रत्यय वेगळा दिसतो. स्लोव्हेनमधे वचन, लिंग, विभक्ती एकाच शेपटीत वितळलेली असतात, संस्कृतसारखी. म्हणून म्हणते, स्लोव्हेन म्हणजे संस्कृत जिथे होतं तिथे थांबलेली, आणि आर्मेनियन मराठी जिकडे गेली तिकडे गेलेली. दोघी निघाल्या एकाच घरातून.

कापूसकोंड्या
प्रत्यय निघालाच आहे तर एक बघा. मराठीत सामान्यरूप करताना स्वर गळतो. कापूस, कापसाचा. माणूस, माणसाला. आर्मेनियनमधे आघात नेहमी शेवटी पडतो आणि आघात पुढे सरकला की मागचा इ किंवा उ गळतो. पाणी म्हणजे जूर, पाण्याचं म्हणजे जʼरी (ʼ म्हणजे हलका अर्धा अ). हृदय म्हणजे सिर्त, हृदयाचं सʼर्ती. वर तुन चं त्नेर झालंय तेही त्यातलंच. स्लोव्हेनमधे कुत्रा पेस, कुत्र्याला बघितलं म्हणताना प्सा. कारणं तिन्हीकडे वेगळी आहेत, एकमेकांकडून कुणी घेतलेलं नाही, पण कापसाचा म्हणणाऱ्या माणसाला प्सा चं कोडं पडत नाही.

गोधडी
माझी भाची आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला मेडिकलला आहे. कॉलेजात शिकवणं इंग्रजीत असतं पण वॉर्डात पेशंट आर्मेनियनच बोलणार ना, म्हणून शिकावीच लागली. तिचं म्हणणं की उच्चारात मराठी मुलांना बाकीच्या परदेशी मुलांपेक्षा खूप सोपं जातं. कारण त्यांच्याकडे प आणि फ (आपला खरा फ, ओठ मिटून), त आणि थ, क आणि ख असे वेगळे धरतात आणि त्यावरून अर्थ बदलतो. शिवाय चमच्यातला च आणि चिमणीतला च हे त्यांच्याकडे दोन वेगळी अक्षरं आहेत आणि त्या दोघांचेही परत हलका आणि जोरात असे दोन दोन प्रकार. जहाजातला ज आणि जीवातला ज पण वेगळे. मराठीत आपण हे बोलतो पण लिहिताना एकच अक्षर, त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर दिलंय.

तिला जड गेलं ते वाचायला. म्क्र्तिच असं लिहिलेलं असतं आणि वाचायचं मʼकʼर्तिच. मधला अर्धा अ लिहीतच नाहीत, स्वतःचा स्वतः घालून वाचायचा. आपल्याकडे बरोबर उलट, लिहितो राम, अ त्यात धरलेलाच आहे, पण बोलताना सोडून देतो.

आभार मानायचा शब्द शʼनोर्हाकालुत्युन एवढा लांब आहे, त्यामुळे तिकडे लोक सर्रास मेर्सी म्हणतात असं ती सांगते.

निळीनदी
स्लोव्हेनमधेही चमच्यातला च आहे, तो त्स, आणि चिमणीतला पण आहे. मात्र महाप्राण नाहीत, त्यामुळे ख, थ, फ च्या सवयीचा उपयोग नाही. पण ऋ आहे! मृत्यू म्हणजे स्म्र्त, बाजार-चौक म्हणजे त्र्ग, बाग म्हणजे व्र्त. लिहिताना स्वर एकही नाही, बोलताना र च्या आधी हलकासा अ येतो.

मोगऱ्याची_वेणी
सगळे व्याकरणात अडकलेत, मी घरातली भाषा घेऊन येते. मला या तुलनेत सगळ्यात भिडली ती सासरची नाती.

आपली सून म्हणजे संस्कृत स्नुषा. स्लोव्हेनमधे स्नाहा. आर्मेनियनमधे नू, पुढचा स गेला. रोजच्या बोलण्यात तिकडे हार्स जास्त चालतं पण नू शब्दकोशात आहेच.

आपला दीर म्हणजे संस्कृत देवृ. स्लोव्हेनमधे देवेर. आर्मेनियनमधे तेग्र, जुन्या ग्रंथांत ताय्ग्र.

आपली जाऊ म्हणजे संस्कृत यातृ. स्लोव्हेनमधे येत्र्वा. आर्मेनियनमधे नेर. दोन भावांच्या बायका एकमेकींच्या कोण, याला इंग्रजीत धड शब्द नाही, सगळ्याला सिस्टर-इन-लॉ. आणि इकडे तीन टोकांना तीन भाषांनी तोच एक शब्द हजारो वर्षं सांभाळला.

आपली सासू म्हणजे श्वश्रू. स्लोव्हेनमधे स्वेकर्वा, आर्मेनियनमधे स्केसुर. आणि आर्मेनियनमधे सासऱ्याला म्हणतात स्केस्राय्र, म्हणजे सासूचा नवरा! घरात कुणाचं चालतं ते शब्दातच आलं.

नणंद मात्र जुळत नाही. आपली ननान्दृ वरून आली. आर्मेनियनमधे ताल, स्लोव्हेनमधे झोल्वा, आणि त्या दोघी एकमेकींच्या सख्ख्या आहेत, आपली वेगळी.

आता ही सगळी नाती बघा कुणाच्या बाजूची आहेत. नवऱ्याची आई, नवऱ्याचा भाऊ, त्या भावाची बायको, नवऱ्याची बहीण. बायकोच्या माहेरच्यांना असे जुने समान शब्द फारसे नाहीत. अभ्यासक यावरून म्हणतात की त्या आदिम समाजात मुलगी लग्न होऊन नवऱ्याच्या घरी जायची आणि तिथल्या प्रत्येकाला तिला नावाने नाही तर नात्याने हाक मारावी लागायची. ज्यांनी हे शब्द पिढ्यानपिढ्या तोंडात ठेवले त्या सुना होत्या. मला हे वाचून फार भरून आलं.

निळीनदी
काय सुंदर लिहिलंय. इथली सद्यस्थिती सांगते, देवेर, येत्र्वा, झोल्वा हे आता म्हातारी माणसं किंवा खेड्यातच. शहरात दीर असो की मेहुणा, स्वाक. जाऊ असो की नणंद, स्वाकिन्या. सासू दोन्हीकडची ताश्चा. म्हणजे इंग्रजीच्याच वाटेवर. आपली जाऊ अजून जिवंत आहे, ती टिकवली पाहिजे.

शाईची_दौत
लिपीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दोन भाषांचा खरा विरोध तिथे आहे.

आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्स या एका धर्मगुरूने इ.स. ४०५ च्या सुमारास बनवली. ३६ अक्षरं. ती चार ओळींत नऊ नऊ लावली की पहिली ओळ एकं, दुसरी दहं, तिसरी शतं, चौथी हजार, म्हणजे अक्षरंच आकडे. मध्ययुगात दोन अक्षरं वाढली, बाकी १६०० वर्षं तीच लिपी. येरेवानला मातेनादारान म्हणून हस्तलिखितांचं भांडार आहे, दारातच माश्तोत्सचा पुतळा. आणि त्यांचं चर्च अनुवादकांचा सण पाळतं, बायबल ज्यांनी भाषेत आणलं त्या लोकांचा. प्रश्नचिन्ह सुद्धा त्यांचं स्वतःचं, ते वाक्याच्या शेवटी न देता ज्या शब्दावर प्रश्न आहे त्या शब्दाच्या डोक्यावर देतात.

स्लोव्हेनचं उलट. लॅटिन लिपीतलं कुठल्याही स्लाव्ह भाषेचं सर्वांत जुनं लेखन स्लोव्हेनचं, इ.स. १००० च्या आसपासचं, सध्या म्युनिकला आहे. पण पहिली छापील पुस्तकं १५५० ची, प्रिमोझ त्रुबारची, आणि तीही जर्मनीत छापली. त्यानंतर श, झ, च कसे लिहायचे यावर शतकानुशतकं एकमत नाही. १५८४ ला बोहोरिचची पद्धत, १८२४ ला दाय्न्कोची, १८२५ ला मेतेल्कोची. १८३० च्या दशकात तर यावर जाहीर भांडण झालं, अक्षरांचं युद्ध म्हणूनच ते ओळखलं जातं, आणि प्रेशेरेनसारखा त्यांचा सर्वांत मोठा कवी त्यात उतरला होता. १८३३ ला मेतेल्कोची अक्षरं शाळांतून बंद झाली आणि १८४० च्या दशकात हळूहळू आजची, वर छोटी टोपी असलेली अक्षरं आली. २५ अक्षरं. प्रेशेरेनच्या पुण्यतिथीला, ८ फेब्रुवारीला, तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते. कवीसाठी सुट्टी!

आणि आपल्याशी थेट नातं हवं असेल तर आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक मद्रासला निघालं, १७९४ मधे, आझ्दारार नावाचं. मुंबईत फोर्टात आर्मेनियन चर्च आहे, १७९६ चं. सुरत, मुंबई, कलकत्ता, मद्रास सगळीकडे हे व्यापारी होते.

बंदरावरचा
शाईची दौत, फोर्टातल्या त्या गल्लीवरून रोज जायचो, माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

माझा एक प्रश्न. आर्मेनियन आडनावांत, नावांत एकाच नावाची दोन रूपं दिसतात, पेत्रोस आणि बेद्रोस, ग्रिगोर आणि क्रिकोर. चूक कुठली?

ओसरीवरून
चूक कुठलीच नाही. पूर्व आर्मेनियन आणि पश्चिम आर्मेनियन अशा दोन प्रमाणभाषा आहेत. अक्षर तेच, पण पश्चिमेकडे प चा ब आणि ग चा ख-क होतो. म्हणून कारापेत तिकडे गाराबेद. पूर्वेची भाषा आर्मेनिया देशाची. पश्चिमेची भाषा ऑटोमन तुर्कस्तानातल्या आर्मेनियन लोकांची. १९१५ च्या वंशहत्येत तिचे बोलणारे मारले गेले, उरले ते बैरुत, अलेप्पो, पॅरिस, बॉस्टन, लॉस एंजेलिस असे विखुरले. युनेस्कोने २०१० मधे पश्चिम आर्मेनियन धोक्यातली भाषा म्हणून नोंदवली. शाळा चालवतात, वर्तमानपत्रं काढतात, पण जिला स्वतःचा देश नाही ती भाषा तिसऱ्या पिढीत घरापुरती उरते. त्यात १९२० च्या दशकात सोव्हिएत आर्मेनियाने शुद्धलेखन बदललं, परदेशातल्यांनी जुनंच ठेवलं, त्यामुळे लिहिण्यातही दोन वाटा झाल्या.

निळीनदी
स्लोव्हेननेही हे भोगलंय, प्रमाण वेगळं असलं तरी. पहिल्या महायुद्धानंतर त्रिएस्ते शहराच्या बाजूचा मोठा भाग इटलीकडे गेला. १३ जुलै १९२० ला त्रिएस्तेतलं स्लोव्हेन लोकांचं नारोद्नी दोम (लोकांचं सभागृह) फॅसिस्टांनी जाळलं. पुढे शाळा बंद, आडनावं इटालियन करून टाकली. आज तिथे स्लोव्हेन शाळा आहेत, पाट्या आहेत, आणि २००४ पासून स्लोव्हेन युरोपियन युनियनची अधिकृत भाषा आहे. वीसेक लाख लोकांचा देश, आणि ब्रुसेल्समधे तिच्यात बोलता येतं. मला इथे राहून त्या लोकांचं सगळ्यात कौतुक याचंच वाटतं की लहान आहोत म्हणून त्यांनी कधी आपली भाषा मागे ठेवली नाही.

सह्यवारा
आकड्यांचं राहिलंच. एकवीसला आपण एक आधी म्हणतो, स्लोव्हेनमधे एनाइन्द्वायसेत, एक आणि वीस. आर्मेनियन क्सानमेक, वीस एक. इथे पण स्लोव्हेन आपल्याकडे.

एकलव्य_मोडीवाला
मग यातली एक शिकायची तर कुठली?

ओसरीवरून
संस्कृत झालं असेल तर स्लोव्हेन, महिन्याभरात वाचायला मजा येईल. संस्कृत नसेल आणि मराठी पक्की असेल तर आर्मेनियन, अक्षरं आधी दोन आठवडे गिरवा आणि मग सरळ वाक्यं बोलायला लागा.

कापूसकोंड्या
अजून एक ल चं. आर्मेनियनमधे पूर्वी दोन ल होते, त्यातला जाड ल पुढे ग़ झाला, म्हणून लाझार चं तिकडे ग़ाझार. वर जे सेग़ान आलंय त्यातला ग़ पण तेच जुनं अक्षर. स्लोव्हेनमधे शब्दाच्या शेवटचा ल बोलताना उ होतो, लिहितात बिल आणि म्हणतात बिउ, सह्यवारांनी दिलेलं शेउ पण शेल असं लिहितात. आपल्याकडे संस्कृतचा दोन स्वरांमधला ल नियमाने ळ झाला, फल चं फळ, काल चा काळ.